व्यसनी आरोपी आणि कलम ६४ अ

२०२५ च्या फेब्रुवारीत तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रोन पकडले, आणि पुढे आरोपींच्या यादीत तुळजापूरच्या पुजारी घराण्यांतील काहींचीही नावे आली, तेव्हा श्रीभवानीच्या भक्तांनी लज्जेने मान खाली घातली. त्या खटल्यात दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आम्ही त्यावर भाष्य करू इच्छीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. विष विकणारा आणि त्या विषास बळी पडलेला पोरगा, या दोघांस एकाच दोराने बांधावयाचे काय?

१९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने तसे केलेले नाही. मेफेड्रोन ५० ग्रॅमहून अधिक सापडले तर ती व्यापारी मात्रा, आणि तिला १० ते २० वर्षे सक्तमजुरी. २ ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प समजली जाते. आणि नुसत्या सेवनास पदार्थपरत्वे फार तर ६ महिने किंवा १ वर्ष कैद. इतके बहुतेक वकिलांस ठाऊक असते. पण याच अधिनियमाचे कलम ६४ अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी इसम सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालविलेल्या वा मान्य केलेल्या रुग्णालयात आपण होऊन व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्या गुन्ह्याबद्दल त्याजवर खटला चालावयाचा नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे अभय परत घेता येते.

यातील मर्म वाचकांनी ध्यानी घ्यावे. कलम ३९ मध्येही उपचारासाठी जातमुचलक्यावर सोडण्याची सोय आहे. परंतु तेथे आरोपी आधी दोषी ठरलेला असतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचेही तेच. त्याचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते खरे, तथापि दोषसिद्धी पुसून टाकीत नाही; आणि नोकरीच्या अर्जावर ‘शिक्षा झाली होती काय’ हा रकाना भरताना त्या तरुणाचा हात थरथरतोच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानाने १९७२ साली निकालाविना परिवीक्षेची तजवीज केली: व्यसनी आरोपीने अटी पाळल्या की आरोप काढून टाकला जातो. आमच्याकडे त्याच्या सर्वांत जवळचे असे काही असेल तर ते हे ६४ अ.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक विक्रेता व्यसनी असल्याचे सोंग करील! करो बापडा. ५० ग्रॅमवर माल बाळगणाऱ्यास या कलमाचा आसरा मिळणारच नाही. आणि ज्यास मिळेल त्यास उपचार शेवटास न्यावे लागतील, नाहीतर खटला पुन्हा दाराशी उभा. आमची भीती उलट आहे. ऐपतदाराचा वकील हे कलम शोधून काढील, आणि गरिबाचे पोर ते न कळताच गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होईल, म्हणजे जन्माचे अडकेल.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी अशा आरोपीस पहिल्या तारखेसच, कबुली देण्यापूर्वी, हे कलम समजावून द्यावे. आणि मान्यताप्राप्त उपचारकेंद्रांची यादी सरकारने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या व कोर्टाच्या भिंतीवर मराठीत लावावी.