रात्रपाळीतला फोन

माझ्याकडे १९७९ सालची एक जुनी डायरी आहे. तिच्या एका पानावर चार ओळींत काही आकडे लिहिलेले आहेत. नाव नाही, गाव नाही, फक्त आकडे. मध्यंतरी घरात आवराआवर चालली होती तेव्हा सुनेनं विचारलं, "आई, ही रद्दीत टाकू का?" मी जवळजवळ ओरडलेच. तिला नवल वाटलं. मग तिला समोर बसवून त्या पानाची हकिगत सांगितली. तीच आज इथे सांगते आहे.

नर्सिंगचा कोर्स पूर्ण करून मला जेमतेम सहा महिने झाले होते. एका मोठ्या रुग्णालयातला पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. चाळीस खाटा आणि खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून आणखी दहा-बारा पेशंट. रात्रपाळीला मी, एक विद्यार्थिनी आणि एक वॉर्डबॉय. सात नंबरच्या खाटेवर पंचेचाळिशीचे एक शेतकरी गृहस्थ होते. संध्याकाळीच त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. रात्री दहा वाजता त्यांची नाडी होती ८८ आणि रक्तदाब १२४/८०. बारा वाजता नाडी १०४, रक्तदाब १२०/८६. दोन वाजता नाडी ११८, रक्तदाब ११४/९०. ते सारखी कूस बदलू पाहत होते, चादर ओढत होते, "सिस्टर, घोटभर पाणी द्या" म्हणत होते. ऑपरेशननंतर सगळेच असं करतात, अशी मी मनाची समजूत घातली.

निवासी डॉक्टर सलग दोन दिवस ड्यूटी करून नुकतेच टेकले होते. त्यांना उठवायचं म्हणजे कारण हवं. वरचा रक्तदाब तर ११४, म्हणजे चांगलाच! "यासाठी उठवलंत?" असं ते म्हणाले तर काय उत्तर देणार? मी चार्ट भरला आणि पुढच्या खाटेकडे गेले. साडेचार वाजता पुन्हा आले तेव्हा त्यांचं अंग गार पडलं होतं, नाडी १४० आणि वरचा रक्तदाब ८०. मग धावाधाव झाली, पुन्हा ऑपरेशन झालं. पोटात एका रक्तवाहिनीचा टाका सुटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मला कुणी बोल लावला नाही. उलट सकाळी केसपेपर चाळताना एक वरिष्ठ बाई म्हणाल्या, "नोंदी किती व्यवस्थित ठेवल्या आहेत हो!" ते कौतुक मला अजून विसरता आलेलं नाही. मी आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. वाचले मात्र नव्हते.

ते कसे वाचायचे, हे नंतर कळलं. घरातल्या कर्त्या माणसाची कमाई बंद पडली तर शेजाऱ्यांना ते लगेच समजत नाही. बाई आधी साठवणीतलं काढते, मग दागिना गहाण टाकते. चूल पेटती राहते. शरीराचंही तसंच असतं. आत रक्त वाहू लागलं की हृदय जोरात पळतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि मेंदू-हृदयाचा पुरवठा कसाबसा टिकवला जातो. त्यामुळे नाडी वाढते, रक्तदाबाचा खालचा आकडा वर चढतो, वरचा आकडा मात्र बराच वेळ शाबूत दिसतो. दहा वाजता त्या दोन आकड्यांत ४४ चं अंतर होतं, बारा वाजता ३४, दोन वाजता २४. सुमारे साठ किलोच्या माणसाच्या अंगात चार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं लिटर-सव्वा लिटर जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. म्हणजे तो कोसळतो तेव्हा साठवण संपलेली असते. रात्री दोन वाजता सात नंबरची खाट मला हे सगळं सांगत होती.

पुढे १९८८ साली मी शिकवण्याकडे वळले आणि २०१५ साली निवृत्त होईपर्यंत मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवलं. औषधोपचाराचे आणि शस्त्रक्रियेचे मोठ्या वयाचे पेशंट कसे सांभाळायचे, हा तो विषय. लोकांना वाटतं, डॉक्टर लिहून देतात आणि सिस्टर ते करतात. यात निर्णय कसला? पण डॉक्टर खाटेपाशी दिवसातून काही मिनिटं असतात, सिस्टर चोवीस तास. आधी कुणाकडे जायचं, कुणाची नाडी चार तासांनी न बघता पंधरा मिनिटांत पुन्हा बघायची, लिहून दिलेली कुठली गोळी देण्याआधी थांबून विचारायचं, आणि डॉक्टरांना आत्ता उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे निर्णय तिलाच घ्यावे लागतात. ते शिकवायचे कसे, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. पुस्तकातला धडा पाठ करून ते येत नाहीत.

मी सुरुवात अशी करायची. मुलींना खाटेच्या पायथ्याशी उभं करायचं, केसपेपर मिटलेला. दोन मिनिटं नुसतं बघायचं. मग विचारायचं, "काय दिसलं?" पहिल्या दिवशी उत्तर यायचं, "मॅडम, अपेंडिक्सचा पेशंट, दुसरा दिवस." मी म्हणायची, "हे पाटीवर लिहिलंय. माणसाबद्दल सांगा." मग हळूहळू येऊ लागायचं: ओठ कोरडे आहेत, बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागतोय, काल उठून बसले होते, आज भिंतीकडे तोंड करून झोपलेत. फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी पहिली पायरी तीच आहे.

दुसरी खोड मोडावी लागायची ती श्वासाची. नाडी सगळ्याजणी मोजतात, पण श्वास मोजायचा कंटाळा. चार्ट पाहावा तर चाळीसच्या चाळीस पेशंट मिनिटाला २० श्वास घेताहेत! मी मुलींना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायला लावायची; तेही पेशंटला कळू न देता, नाडीवर बोटं ठेवून. कारण प्रकृती ढासळू लागली की श्वास फार लवकर वाढतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून रुग्णाच्या धोक्याचे गुण मोजण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. श्वास, प्राणवायूचं प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे. बेरीज पाच किंवा जास्त झाली की तातडीनं डॉक्टरांना बोलवायचं. त्यात मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर एकट्या श्वासाचेच तीन गुण होतात.

मग वर्गात मी पाच पेशंटांचं कोडं घालायची. एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, तो मोठ्यानं विव्हळतोय. एकाचा नातेवाईक "सलाईन संपलं" म्हणून हाका मारतोय. एका आजीबाईंना बेडपॅन हवंय. एकाला घरी सोडायचंय, त्याचा मुलगा कागदांसाठी खोळंबलाय. पाचवा मधुमेहाचा पेशंट. सकाळी इन्सुलिन दिलं गेलं, पण सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलाय. तो गप्प पडून आहे आणि कपाळावर घाम आहे. आधी कुणाकडे? बहुतेक मुली विव्हळणाऱ्याकडे किंवा ओरडणाऱ्याकडे धावायच्या. जायला हवं ते गप्प पडलेल्याकडे. त्याची साखर उतरते आहे. बोट टोचून ती तपासायची. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून थेंबही द्यायचा नाही, शिरेतून ग्लुकोज आणि डॉक्टरांना निरोप. "आणि आजीबाई?" असं मी विचारलं की मुली हसायच्या. पण त्या वाट पाहून एकट्याच उठल्या, पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर? तेव्हा जाता जाता मावशींना त्यांच्याकडे पाठवायचं. हाही निर्णयच.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन बाईंनी १९८४ साली परिचारिकांच्या प्रवासाच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. नवशिकी नियम धरून चालते. अनुभवी बाईला खाटेजवळून जातानाच खटकतं. तिथे मला एक अडचण दिसायची. अनुभवी सिस्टरला खटकलेलं शब्दांत सांगता येत नाही, आणि शब्दांत सांगितल्याशिवाय ते शिकवता येत नाही. म्हणून मी वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांना मुलींसमोर विचारायची, "तुम्ही त्याच्याकडेच का वळलात?" त्या आधी लाजायच्या, मग आठवून सांगायच्या.

पण खरी कठीण गोष्ट निराळीच होती. दिसलं, समजलं, तरी बोलायचं कसं? माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली खेड्यापाड्यांतून आलेल्या. मोठ्यांसमोर उलट बोलू नये, हे बाळकडू. त्यांनी रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करून "तुम्ही या" म्हणायचं! "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगितलं तर फोन खाली ठेवला जाणार. म्हणून मी चार वाक्यं बसवून घ्यायची: आत्ता काय झालंय, पेशंट कोण, कशासाठी दाखल, मला काय आढळलं आणि काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. चौथं वाक्य सर्वांत जड जायचं. मी झोपेतला तिरसट डॉक्टर व्हायची, आणि मुली फोन करायच्या. वर्गात हशा पिकायचा.

त्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची एक मुलगी होती. नाटकातल्या फोनवरसुद्धा तिचा आवाज फुटायचा नाही. शेवटच्या वर्षाला ती रात्रपाळीवर असताना खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एका आजींना एकाएकी घाबरल्यासारखं होऊ लागलं. श्वास मिनिटाला २८, प्राणवायू ९१ टक्के. फोनवर सांगण्यात आलं, "वयानं घाबरल्यात, झोपेची गोळी द्या." तिनं वॉर्डच्या सिस्टरांना विचारलं आणि पुन्हा फोन लावला. "सर, गोळी द्यायची तर देऊ. पण श्वास २८ आहे, आधी तुम्ही एकदा येऊन बघावं." डॉक्टर आले. पायात गोठलेल्या रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकली होती. आजी अतिदक्षता विभागात गेल्या आणि पंधरा दिवसांनी घरीही गेल्या. सकाळी ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिचे हात थरथरत होते. म्हणाली, "मॅडम, दुसऱ्यांदा फोन करताना माझ्या पोटात गोळा आला होता."

प्रत्येक फोन असा बरोबर ठरत नाही. एकीनं अस्वस्थ पेशंटसाठी डॉक्टरांना धावत आणलं आणि निघालं काय, तर लघवी तुंबलेली. डॉक्टर वैतागले. मी तिच्यादेखत त्यांचे आभार मानले. नंतर तिला सांगितलं, फोन केलास ते चांगलं केलंस. पुढच्या वेळी आधी ओटीपोटावर हात ठेवून बघ. त्या दिवशी तिला रागावले असते, तर तिनं पुढचा फोन केलाच नसता.

शिकवून सगळं भागत नाही, हेही सांगायला हवं. २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटला दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. चाळीस खाटा आणि एक सिस्टर असेल, तर डोळे कितीही तयार असोत, ते पोहोचणार कुठवर?

इथे आपल्यासारख्या घरच्या माणसांचीही मदत होते. आपल्या माणसाजवळ आपण बसतो, तेव्हा सिस्टरनं तिसऱ्यांदा "लघवी झाली का? किती झाली?" विचारलं तर वैतागू नये. आणि "आज आमचे बाबा नेहमीसारखे वाटत नाहीत" असं मनात आलं, तर संकोच न करता सांगावं. नेहमीचे बाबा कसे असतात, हे तिला ठाऊक नसतं, आपल्याला असतं.

निवृत्तीनंतरही दरवर्षी एक दिवस मी नव्या वर्गाला शिकवायला जाते. फळ्यावर डायरीतले आकडे लिहिते. चौथी ओळ झाकून ठेवते. "यातल्या कुठल्या ओळीवर तुम्ही फोन कराल?" विचारते. कुणी तिसरी म्हणतं, कुणी दुसरी. गेल्या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, बारा वाजेपर्यंत लघवी किती झाली होती?"

शरीर रक्त वाचवू लागलं की मूत्रपिंडाचा पुरवठा आधी तोडतं. लघवी कमी होते. प्रश्न अगदी योग्य होता. मी डायरी उघडून पुन्हा पाहिली, खरं तर पाहायची गरज नव्हती. ती नोंद त्यात नाही. त्या रात्री मी ते बघितलंच नव्हतं.

तसं मी तिला सांगितलं.