आजीच्या पाट्याची जन्मकथा

दोस्तांनो, तुमच्या घरी मिक्सर असेल. पण गावाकडे आजीच्या परसात एखादा पाटा-वरवंटा पडलेला असेल ना? या सुट्टीत त्याच्याकडे जरा नीट बघा. काळाकुट्ट, उचलता उचलणार नाही असा जड आणि मधोमध चक्क खोलगट! वर्षानुवर्षं वाटून वाटून दगड झिजला. मग झिजलेला भाग गेला कुठे? अहो, चटणीत! तुमच्या आई-बाबांनी लहानपणी थोडाथोडा डोंगरच खाल्लाय म्हणा ना!

पण हा दगड मुळात आला कुठून?

त्याचं नाव बेसॉल्ट. आपण साधं ‘काळा दगड’ म्हणतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा दगड दगड नव्हताच, रस होता! जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. हा रस हजार अंशांहूनही गरम. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावं, तसा तो मैलोन् मैल पसरला. थंड झाला, थिजला. मग पुन्हा नवा लोंढा, पुन्हा नवा थर. कळसूबाईचं १६४६ मीटर उंचीचं शिखर अशाच थरांवर थर चढून बनलंय. एवढी झीज होऊनही हा दगड आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. (भंडारा-गडचिरोली आणि सिंधुदुर्गाच्या वाचकांनी रागावू नये. तुमच्याकडचे बरेचसे दगड याहून कितीतरी म्हातारे आहेत!)

सह्याद्रीचे कडे लांबून पायऱ्यांसारखे दिसतात, ते या थरांमुळेच. प्रत्येक थराचा आतला भाग भरीव असतो, तो कड्यासारखा उभा राहतो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो, तो लवकर झिजून उतार होतो. रस थिजताना आतला वायू बाहेर पडू पाहतो आणि तिथेच अडकतो, म्हणून ही भोकं. पुढे त्यांत गरम पाणी झिरपतं आणि पाण्यातली खनिजं आत साठत जातात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत खडीसाठी दगड फोडताना अशाच पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज सापडलं. जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात!

दोन लोंढ्यांच्या मधे कधीकधी इतका काळ जायचा, की त्या दगडावर तळी साचायची, झाडं उगवायची. मुंबईत वरळीला अशा थरांमधल्या चिखलाच्या दगडात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले आहेत. म्हणजे बघा, खाली रसाचा दगड, मधे चिखलाचा दगड आणि वर पुन्हा रसाचा.

आता पुढची गंमत. आजी दगड झिजवते, तसेच ऊन, पाऊस आणि झाडांची मुळंही झिजवतात. फटींतून पाणी शिरतं, दगडातली खनिजं हळूहळू बदलतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या साली सुटू लागतात. त्याचा होतो मुरूम आणि मुरमाची होते माती. कापूस पिकवणारी आपली काळीभोर जमीन म्हणजे हाच म्हातारा झालेला दगड! जिथे पाऊस फार आणि हवा गरम, तिथे निराळंच घडतं. पाणी इतर बरंच काही धुऊन नेतं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं आणि तयार होतो तांबडा जांभा. पाचगणीचं टेबललँड जांभ्याचंच आहे. ताजा जांभा मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे काढता येतात. वाऱ्याला लागला की तो टणक होतो. कोकणातली घरं त्याचीच.

बोटभर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, पण उघड्या उतारावरून ती काही पावसाळ्यांतच वाहून जाऊ शकते. आजोबा दर उन्हाळ्यात बांधावर का राबतात, ते आता कळलं? वाहून गेलेली माती ओढ्यातून कृष्णा-गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जाते. तिथे थरावर थर साचतात, वरच्या वजनाने खालचे दबतात आणि फार फार काळाने त्यांचा पुन्हा दगड होतो. असा चिखलाचा दगड जमिनीत खोल गेला, दाब आणि उष्णता सोसली, की तो पुन्हा रूप बदलतो. आजोबा ज्या दगडी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकले, ती पाटी अशीच चिखलापासून बनलेली.

गावात नवी विहीर खणत असतील, तर मोठ्या माणसांचा हात धरून, काठापासून लांब उभे राहून बघा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण. कोटी वर्षांचा हिशेब एका नजरेत! मुरमात कांद्यासारखा गोल दगड दिसला, तर त्याच्या किती साली सुटतात ते मोजा. आणि हो, पाट्याला शेवटची टाकी कधी लावली होती, हे आजीला विचारायला विसरू नका.