सापडलं तर बदल, नाही तर नवं कर

नागपूरच्या रामदासपेठेत सेंट्रल बाजार रोडवरून लेंड्रा पार्ककडे चालत निघालं की एका पाटीआड दवाखाना आणि एका पाटीआड सीएचं ऑफिस लागतं. दवाखान्यात काय चालतं ते आपल्याला कळतं, निदान तसं वाटतं तरी. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी पोरं मात्र एक काम करत असतात, ज्याची बाहेर कुणाला कल्पना नसते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका कंपनीची लेजर (खाती) ती दुसऱ्या कंपनीत नेतात. चार-पाचशे लेजर हातानं कोण भरत बसणार? मास्टर्स (खात्यांच्या मूळ नोंदी) एक्सपोर्ट केले की एक्सएमएल फाइल तयार होते, आणि ती दुसऱ्या कंपनीत इम्पोर्ट करायची.

इम्पोर्ट करताना टॅली एक प्रश्न विचारतं. ज्या नावाचं लेजर इथं आधीपासून आहे, त्याचं काय करू? पर्याय तीन. सुरुवातीची शिल्लक एकत्र कर, आधीचं आहे तसं राहू दे, किंवा नव्या माहितीनं बदल. घाईत चुकीचा पर्याय निवडला तर ताळेबंद दुपारीच गडबडतो आणि पोरगा रात्री उशिरापर्यंत बसतो.

मला सांगायचं आहे ते वेब पोर्टलबद्दल. पण तिथंही शेवटी हाच प्रश्न येतो, म्हणून वाट सीएच्या ऑफिसातून काढली.

समजा, रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयाचं कर्मचाऱ्यांसाठीचं पोर्टल आहे. लॉगिन केलं की नर्सला ड्यूटीची पाळी दिसते, बिलिंगवाल्याला विम्याचे अर्ज, डॉक्टरांना ओपीडीच्या वेळा. कोणतं पान कुणाला दिसावं, मेन्यूत कुठल्या क्रमानं यावं, पानावर कोणते चौकोन असावेत (या चौकोनांना पोर्टलेट म्हणतात), शीर्षक कोणत्या भाषेत कसं असावं, या सगळ्या मांडणीला कॉन्फिगरेशन म्हणायचं. ती पोर्टलच्या डेटाबेसमध्ये राहते आणि ॲडमिनच्या पडद्यावरून माउसनं बदलता येते.

मग फाइलची भानगड कशाला? पोर्टल सहसा एक नसतं म्हणून. एक चाचणीसाठी असतं, तिथं काहीही मोडलं तरी चालतं. दुसरं लाइव्ह असतं, तिथं मोडलं की फोन सुरू होतात. चाचणीवर माउसनं केलेले चाळीस बदल लाइव्हवर पुन्हा माउसनं करायला बसलात तर सदतीस होतील, आणि राहिलेले तीन कोणते ते पुढच्या आठवड्यात दुसरंच कुणीतरी सांगेल. म्हणून चाचणीवरची मांडणी फाइलमध्ये उतरवायची आणि ती फाइल लाइव्हवर चालवायची.

आयबीएमच्या वेबस्फिअर पोर्टलात ही सोय कमांडवर चालणाऱ्या एका छोट्या अवजारात आहे, त्याचं नाव एक्सएमएल ॲक्सेस. हे पोर्टल २०१९ मध्ये एचसीएलकडे गेलं आणि आता एचसीएल डिजिटल एक्सपिरियन्स या नावानं विकलं जातं. अवजाराला तुम्ही पाच गोष्टी देता: आत जाणारी फाइल, बाहेर येणाऱ्या फाइलचं नाव, पोर्टलचा पत्ता, ॲडमिनचं नाव आणि त्याचा पासवर्ड. आत जाणाऱ्या फाइलमध्ये विनंती असते, बाहेर येणाऱ्या फाइलमध्ये उत्तर. 'काढून दे' अशी विनंती केली तर उत्तरात मांडणी मिळते, 'बदल कर' अशी केली तर उत्तरात जमलं की फसलं ते कळतं. दोन्ही बाजूंनी एक्सएमएलच.

एक्सएमएलबद्दल थोडक्यात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं हे प्रमाण १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर केलं. त्याचा बाप एसजीएमएल, १९८६ चं आयएसओ प्रमाण. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला उघडणारी खूण आणि मिटणारी खूण लावायची आणि एका खुणेच्या पोटात दुसरी ठेवायची, हा त्याचा मुख्य नियम. या खुणांची नावं इंग्रजीतच असली पाहिजेत असं मात्र कुठंही नाही. देवनागरी नावं पहिल्या आवृत्तीपासून चालतात. म्हणून खालची फाइल मी मराठीत लिहिली आहे. वेबस्फिअरला ती कळणार नाही, कारण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत, पण एक्सएमएल म्हणून ती अगदी शुद्ध आहे.

<विनंती प्रकार="बदल">
  <पोर्टल कृती="शोध">
    <पान कृती="बदल" खास-नाव="रुग्णालय.ओपीडी" क्रम="२००">
      <शीर्षक भाषा="मराठी">ओपीडीच्या वेळा</शीर्षक>
    </पान>
  </पोर्टल>
</विनंती>

बाहेरून आत वाचत या. ही बदलाची विनंती आहे. त्यात पोर्टलवर फक्त 'शोध' आहे, म्हणजे पोर्टल गाठ, त्याला हात लावू नकोस, आत शिर. आत एक पान, त्यावर 'बदल'. त्याचा क्रम २०० कर आणि मराठी शीर्षक हे ठेव. पानाबद्दल बाकी काही लिहिलं नाही, तेव्हा बाकीचं जसं आहे तसं राहतं.

'शोध' या कृतीकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, मला मात्र ती सगळ्यांत शहाणी वाटते. पत्त्यावर 'महाराष्ट्र, नागपूर, रामदासपेठ' लिहिताना आपण महाराष्ट्र बदलत नाही, तिथून वाट काढतो. शोध म्हणजे ती वाट. वाटेतली वस्तू सापडली नाही तर पोर्टल तिथंच थांबून चूक सांगतं, आणि ते चांगलंच आहे.

'बदल' मात्र इतका सरळ नाही. नावावरून वाटतं की असेल ते बदलेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा: सापडलं तर बदल, नाही तर नवं तयार कर. रिकाम्या पोर्टलवर तीच फाइल चालवली तर सगळं उभं राहतं, भरलेल्या पोर्टलवर चालवली तर सुधारतं. सोय मोठी. पण 'सापडलं नाही' याचा अर्थ दर वेळी 'नाही' असा नसतो. कधीकधी तुम्ही चुकीच्या नावानं हाक मारलेली असते.

पोर्टलात प्रत्येक वस्तूला दोन ओळखी असू शकतात. एक यंत्रानं दिलेला लांबलचक आयडी. तो माणसाला वाचवत नाही, पण दुसऱ्या कुठल्या वस्तूशी जुळतही नाही. दुसरं माणसानं दिलेलं खास नाव, वरच्या नमुन्यातल्यासारखं. शीर्षक ही ओळख नव्हे. ते फक्त पडद्यावर दिसायला असतं आणि दहा पानांचं एकच असू शकतं. महत्त्वाच्या पानाला खास नाव दिल्याशिवाय त्याची फाइल काढू नये, हा माझा हट्ट आहे. आयडीच्या भरवशावर असलेली फाइल सहा महिन्यांनी उघडली तर कुठली ओळ कुठल्या पानाची हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

एकदा मी याच जागी फसलो. एका छोट्या पोर्टलात खास नावं मराठीतच ठेवलेली होती. हातानं फाइल लिहिली, चालवली, उत्तर आलं 'ठीक'. आणि मेन्यूत 'ॲपॉइंटमेंट' दोनदा दिसू लागलं. तासभर डोळे फाडून बघत होतो, दोन्ही नावं अगदी तीच. शेवटी अक्षरांचे क्रमांक काढून पाहिले. एकीकडे 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर होतं, जे युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, २००८ साली आलं. दुसरीकडे 'अ' लिहून त्यावर चंद्र दिला होता, जुन्या पद्धतीनं: 'अॅ'. माणसाला एक, यंत्राला दोन. 'कर्मचाऱ्यां'मधल्या 'ऱ्य'चंही तसंच आहे. तो 'ऱ' वापरून लिहिता येतो, आणि साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यामागं न दिसणारा जोडक टाकूनही लिहिता येतो. कीबोर्ड बदलला की हे बदलतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. टॅलीत मराठी नावाची लेजर ठेवणाऱ्यांनीही एकदा आपलं 'ॲडव्हान्स' तपासून पाहावं. तेव्हापासून शीर्षक मी हवं तेवढं मराठीत लिहितो, खास नाव मात्र कधीच हातानं टाइप करत नाही. एक्सपोर्टमधून उचलतो.

आणखी एक खड्डा, आणि तो रामदासपेठेत पाटीपाटीवर लिहिलेला आहे: '&'. सीए फर्मच्या नावात 'अँड असोसिएट्स' किंवा 'अँड कंपनी' बहुतेकदा असतं, आणि पाटीवर ते या चिन्हानं लिहितात. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह राखीव आहे. ते उघडं ठेवलं तर अख्खी फाइल नापास होते, त्याऐवजी त्याचं सांकेतिक रूप लिहावं लागतं. अवजारानं काढलेल्या फाइलमध्ये ते आपोआप होतं, हातानं भर घातली की विसरतं.

आता प्रत्यक्ष क्रम. अख्खं पोर्टल एका दमात एक्सपोर्ट करण्याचा मोह होतो, तो टाळा. ती फाइल प्रचंड होते, ती कुणी वाचत नाही, आणि न वाचलेली फाइल लाइव्हवर चालवणं म्हणजे न वाचता सही करणं. बदललेलं पान आणि त्याच्या पोटातलं तेवढंच काढा. मग ती फाइल उघडून खरोखर वाचा. चाचणीचे पत्ते, चाचणीची नावं राहिली आहेत का ते बघा. ज्यांना हात लावायचा नाही त्यांच्यावर 'बदल' असेल तर 'शोध' करा. परवानग्यांच्या ओळी दोनदा वाचा, कारण तिथं जुन्यात भर घालायची की जुनं पुसून नवं ठेवायचं, यात फरक आहे. चुकलं तर अर्ध्या रुग्णालयाला पगाराचं पान दिसेल, नाही तर कुणालाच दिसणार नाही.

चालवण्याआधी लाइव्हवरून त्याच पानाचं एक्सपोर्ट काढून तारीख घालून बाजूला ठेवा. गडबड झाली तर परतीची वाट तीच. तरी तिची मर्यादा लक्षात असू द्या. नव्या फाइलनं चुकून तयार केलेलं जास्तीचं पान जुनी फाइल चालवून जात नाही. जुन्या फाइलला ते माहीतच नसतं. ते वेगळं 'काढून टाक' लिहूनच जातं, आणि ते लिहिताना हात जरा थरथरला तर बरंच, कारण पानाबरोबर त्याच्या पोटातली पानंही जातात.

उत्तराच्या फाइलमध्ये शेवटी 'ठीक' आलं की लोक खिडकी बंद करतात. तो फक्त यंत्राचा निरोप आहे: सांगितलं तसं केलं. माझं दुहेरी ॲपॉइंटमेंटही 'ठीक'च होतं. म्हणून फाइल चालवल्यावर लाइव्हवरून पुन्हा एक्सपोर्ट काढायचं आणि आधी काढलेल्याशी ओळीला ओळ लावून पाहायचं. दोन मजकुरांतला फरक दाखवणारी साधनं फुकट मिळतात. ठरवलेल्यापेक्षा एकही ओळ जास्त बदललेली दिसली तर ती का बदलली ते समजेपर्यंत उठायचं नाही.

राहिली एक गैरसमजूत. ही फाइल म्हणजे बॅकअप नव्हे. वेबस्फिअरच्या या फाइलमध्ये पोर्टलेटचा प्रोग्रॅम येत नाही, तो कुठं ठेवला आहे एवढाच पत्ता येतो. पोर्टलच्या मजकूर-ग्रंथालयातले लेख आणि सूचनाही येत नाहीत, त्यांची ने-आण वेगळ्या वाटेनं होते. घराचा नकाशा मिळतो, सामान नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून नागपुरात तळघरात यंत्रं ठेवण्याचा विषय निघाला की माणसं गंभीर होतात. अशा पाण्यात डेटाबेस गेला आणि पेनड्राइव्हवर फक्त ही एक्सएमएल उरली, तर ती नव्या पोर्टलवर चालवल्यावर नर्सला मेन्यू जसाच्या तसा दिसेल, आणि त्यातलं 'नव्या सूचना' हे पान उघडलं की ते रिकामं असेल.