चाकोरी धरणारी गाडी

‘चाकोरी’ हा शब्द मराठीला बैलगाडीच्या चाकांनी दिला. ओल्या मातीतून गाडी गेली म्हणजे दोन समांतर खाचा पडतात, उन्हाने त्या वाळून कठीण होतात आणि पुढची प्रत्येक गाडी मुकाट्याने त्याच खाचांतून जाते. कालांतराने हा शब्द माणसांना लागला आणि त्याला थोडा हिणकस वासही आला. चाकोरीतला गृहस्थ म्हणजे बेताचा गृहस्थ! जीप नावाचे वाहन तर चाकोरी सोडण्यासाठीच जन्माला आले. परंतु त्या जीपमागे जोडावयाचा ट्रेलर मात्र तिची चाकोरी जितक्या नेमकेपणाने धरील तितका चांगला. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालतात, हे गेली दोन वर्षे भोपाळात एक जुनी जीप उभी करताना आणि तिच्या जोडीचा ट्रेलर घरच्या घरी बांधताना मला व माझ्या एका स्नेह्यांना शिकावे लागले.

दरबारी गवयाच्या मुलाने, आणि त्यातून संगीतशिक्षकाने, लोखंडाच्या नादी का लागावे, असे वाचक विचारतील. कारण अगदी साधे आहे. आमच्या स्नेह्यांची शेती रायसेन जिल्ह्यात आहे. त्यांच्या वाड्यावर आजूबाजूच्या गावांतली मुले गाणे शिकावयास येतात आणि वर्षाचा मोठा कार्यक्रम असतो गुरुपौर्णिमेचा. गुरुपौर्णिमा पडते ऐन आषाढात. डांबरी सडक संपल्यावर त्यांच्याच शेतांमधून जाणारी सुमारे चार किलोमीटरची वाट काळ्या मातीची आहे. माळव्याची ही काळी ज्याने पावसाळ्यात तुडवली आहे त्याला अधिक सांगावयास नको. ती चाकाला धरते ती सोडत नाही. घटकाभरात टायरच्या खाचा बुजून चाक गुळगुळीत लाट्यासारखे होते. त्या वाटेने दोन तंबोरे, पेटी, तबले, सतरंज्या आणि पन्नास माणसांच्या स्वयंपाकाची भांडी न्यावयाची, हा आमचा प्रश्न होता.

संस्थानी काळात आडवाटेची मोटार म्हटली की ती शिकारीची मोटार असे. आपल्या शेजारच्या कोट्याचे महाराव उमेदसिंह यांच्यासाठी १९२५ साली रोल्स-रॉइसची एक ‘न्यू फँटम’ गाडी वाघाच्या शिकारीकरिता मुद्दाम सजवली गेली होती. रात्री जंगल धुंडाळण्यासाठी तिला मोठे दिवे होते, बंदुका ठेवण्याची सोय होती, आणि मागे ओढून नेण्यासाठी चाकांवर बसवलेली एक तोफवजा बंदूकही होती. म्हणजे आडवाटेची गाडी आणि तिच्या जोडीचा ट्रेलर ही कल्पना आपल्या बाजूच्या राजेरजवाड्यांना नवी नव्हती. ट्रेलरवर काय ठेवावयाचे एवढाच फरक. भोपाळचे शेवटचे नवाब हमीदुल्ला खान हेही नामांकित शिकारी होते. १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार केंद्राकडे गेला, १९५६ साली हे शहर मध्यप्रदेशाची राजधानी झाले, आणि भोपाळजवळचे रातापानीचे जंगल डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. जंगलाची वाट बंद झाली हे उत्तमच झाले. आडवाटेच्या गाडीला आता शेताची वाट पुरे.

रोल्स-रॉइस ही राजाची गाडी. जीप ही शिपायाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली मोटार हवी होती. ती पहिल्यांदा बनवून दाखवली पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्याशा कारखान्याने, सप्टेंबर १९४० मध्ये. परंतु छोट्या कारखान्याला एवढे मोठे काम झेपणार नाही असे लष्कराला वाटले, आणि मोठी मागणी विलिस व फोर्ड यांच्याकडे गेली. त्या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या; बँटमच्या वाट्याला आल्या अवघ्या २,६७५. मग बँटमला काय मिळाले? जीपमागे जोडावयाचा पाव टनी ट्रेलर! ज्याने ख्याल रचला त्याच्या हाती मैफलीत तंबोरा यावा, तशातला हा प्रकार.

परंतु बँटमने तो तंबोरा मनापासून लावला. त्या ट्रेलरची चाके, टायर आणि नट हे जीपचेच. वाटेत जीपचे चाक निकामी झाले तर ट्रेलरचे काढून लावता यावे. दोन चाकांमधले अंतरही जीपइतकेच, म्हणजे जीपने दाबून घट्ट केलेल्या खाचेतूनच ट्रेलरचे चाक जाते. पेटी जलरोधक, म्हणजे नदीत ती तरंगत यावी. आणि आत पाणी शिरलेच तर सोडून देण्यासाठी तळाला बूच. हे सारे तपशील वाचताना मला वाटले की उत्तम साथ म्हणजे हेच. साथीदाराने आपली निराळी वाट काढावयाची नाही, परंतु मुख्य गायकाचा सूर कुठे ढळला तर तो भरून काढण्याची तयारी ठेवावयाची.

युद्धानंतर जीप आपल्याकडे रुजली ती महिंद्रांच्या द्वारे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीपा जोडण्यापासून आरंभ करून पुढे ही कंपनी संपूर्ण जीप येथेच बनवू लागली. १९५२ साली समुदाय विकास योजना सुरू झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे गावोगावचे परिचित दृश्य झाले. कित्येक गावांत आलेली पहिली मोटार हीच.

आमच्या हाती आलेली जीप ‘सीजे-३बी’ या जातीची, म्हणजे उंच कपाळाची. विलिसने १९५३ साली नवे इंजिन बसवले, त्यात हवा घेणाऱ्या झडपा माथ्यावर गेल्या, इंजिन उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. लांबीला लहान, पुढच्या व मागच्या आसांत अवघे ८० इंचांचे अंतर, आणि इंजिन सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे. आजच्या कोणत्याही साध्या मोटारीपुढे तिची धाव हास्यास्पद आहे. परंतु तिच्याजवळ एक दुसरा, छोटा गिअरदांडा आहे. तो ओढला की वेग अडीचपट कमी होतो आणि जोर त्याच मानाने वाढतो. विलंबित लयीत दम लागतो तो हा. चिखलात शर्यत करून कोणी बाहेर पडत नाही. चाक फिरले की रुतले. सावकाश, एका लयीत, पाय न हलवता जावे लागते.

भोपाळात ‘कबाडखाना’ या नावाचा मोहल्लाच आहे. शहरात जुन्या गाड्या जिवंत ठेवणारे जे मोजके मिस्त्री उरले आहेत त्यांपैकी एका वृद्ध मिस्त्रींनी आमचे काम अंगावर घेतले. माझे लोखंडाचे ज्ञान शून्य, परंतु कान बरा. इंजिन चालू करून मिस्त्री विचारीत, “मास्टर साब, सुनिए, कुछ अलग बोल रहा है?” चार सिलिंडरांतला एक मागे पडला की ठेका लंगडतो, तो मला त्यांच्या आधी ऐकू येई. पुढचे सारे त्यांचे. चेसिस सरळ केली, पाटे उतरवून त्यांतली बसकी पाती बदलली, ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या, तळाचा गंजलेला पत्रा कापून तेथे तशाच जाडीचा पत्रा बसवला. इंजिन मूळचेच ठेवले.

ट्रेलर मात्र मुळापासून बांधावयाचा होता. एका चौकोनी पोलादी आसाच्या दोन टोकांना जीपच्या पुढच्या चाकांची जुनी हब बसवली. म्हणजे पाच नटांचे जीपचेच चाक तिला लागते आणि एक फालतू चाक दोघांना पुरते. चाकांमधले अंतर जीपशी मोजून बरोबर केले. तळव्याएवढा फरकही काळ्या मातीत कळतो. ट्रेलरच्या चाकाला घट्ट खाच सोडून नवा चिखल फोडावा लागला की जीपवर दुप्पट ओझे आल्यासारखे होते. पाटे जीपचेच घेतले, परंतु त्यांतली काही पाती कमी केली. हलक्या ओझ्याखाली ताठ पाटा घोड्यासारखा उधळतो आणि आतले सामान आपटते.

सर्वांत नाजूक गोष्ट तोलाची. रिकामा ट्रेलर अडीचशे किलोंचा, सामान दोनशे किलोंचे. या साडेचारशेपैकी सुमारे दहावा भाग, म्हणजे पंचेचाळीस किलो, पुढच्या कडीतून जीपच्या हुकावर आला पाहिजे. त्याहून फार कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि जीपला घेऊन जातो. फार अधिक आला तर जीपचे मागचे अंग बसते आणि पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग ऐकेनासे होते. जुन्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नसे. ओझे मागे गेले की बैलगाडी उलाळ होते, पुढे गेले की बैलांच्या मानेवर येते, हे त्याचा हातच जाणे. मिस्त्रींनी कडीखाली वजनकाटा ठेवून भांड्यांच्या गोणी पुढेमागे सरकवल्या, आणि जागा ठरल्यावर तळाला रंगाच्या खुणा केल्या.

तंबोरे मात्र आम्ही ट्रेलरमध्ये ठेवत नाही. ते जीपमध्ये, गोधड्यांत गुंडाळून. ते मिरजेचे आहेत. मिरजेची तंतुवाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटू लागले तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात भोपळ्यावर आणि लाकडावर चालवला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. युद्धासाठी जन्मलेली जीप, हत्यारांच्या कारागिरांनी घडवलेला तंबोरा, आणि एकेकाळी बंदूक ओढणाऱ्या ट्रेलरवर आता पोळपाट-लाटणी. इतिहास क्वचित असे सुखाचे वळण घेतो.

आता थोडे कायद्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील मूळ वर्णनात फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अधिक काटेकोर करून सांगितले. इंजिन मूळचे ठेवण्याचे हेही एक कारण. त्याच कायद्यात ट्रेलर हेही स्वतंत्र ‘मोटार वाहन’ आहे; म्हणजे त्यालाही मान्यता हवी, नोंदणी हवी, क्रमांक हवा. आमच्या ट्रेलरला तो नाही, म्हणून तो डांबरी सडकेवर येत नाही. सामान टेंपोने सडकेच्या टोकाशी येते, आणि तेथून स्नेह्यांच्या खासगी वाटेवर ट्रेलरचे राज्य सुरू होते.

कायदा कडक आहे त्याला कारण आहे. रात्री दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटार आदळून माणसे जातात, हे आपण सारेच वाचतो. नियम सैल करा असे मी म्हणत नाही. परंतु २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली, वीस हजार रुपये शुल्क घेऊन. जुने जपणाऱ्याला सरकारने असे दार उघडून दिले. ब्रिटन-जर्मनीत एखाद्याने घरी बांधलेले एकच वाहन तपासून, ते सुरक्षित असेल तर मान्य करण्याचीही पद्धत आहे. तसे दार आपल्याकडे प्रामाणिक कारागिराला सहज सापडत नाही. कारखान्याला हजार नग तपासून घेता येतात. कबाडखान्यातल्या मिस्त्रींच्या एका नगाला विचारतो कोण? त्यांची मुले या धंद्यात नाहीत. त्यांच्या हाताला जे कळते ते कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ते शिकावयास कोणी येत नाही, कारण शिकून बनवलेली वस्तू रस्त्यावर नेता येणार नसेल तर शिकावयाचे कशाला? गाण्याची विद्या जाते ती याच वाटेने. ती कोणी मारावी लागत नाही, ऐकणारा नाहीसा झाला की पुरे.

या शहरातील आणि आसपासच्या जुन्या मराठी घराण्यांच्या वाड्यांत, गोठ्यामागे, एखादा जीपचा ट्रेलर अजूनही पडून असेल. त्यावर कोंबड्या बसत असतील. भंगारवाला येऊन किलोच्या भावाने तो मागेल. देण्यापूर्वी एकदा पुढची कडी झिजली आहे का पाहा, चाक हाताने फिरवून बेअरिंग बोलते का ऐका, आणि मुख्य म्हणजे त्याचे नोंदणीचे कागद जुन्या पेटीत आहेत का शोधा. कागद असतील तर ती केवळ लोखंडाची पेटी नव्हे. रस्त्यावर येऊ शकणारे ते एक पुरे वाहन आहे. आणि शहरात त्याला उभे करणारे हात अजून थोडे दिवस आहेत.