रायगड किनाऱ्यावरील क्रीडाभाषा : इंग्रजी संज्ञा आणि मराठी मैदान

इंग्रजी क्रीडासंज्ञांच्या मराठीकरणाचा विषय निघाला की चर्चा सामान्यतः वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांभोवती आणि आकाशवाणीवरील धावत्या वर्णनाभोवती फिरते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आणि १९६२ साली निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मधून वि. वि. करमरकर यांच्यासारख्या क्रीडापत्रकारांनी ही परिभाषा घरोघर पोचविली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु शब्द पोचणे निराळे आणि तो रुजणे निराळे. पदनामांचे व शास्त्रीय परिभाषेचे कितीतरी शब्द कोशांतच निजून राहिले असताना 'झेल', 'गोलंदाज', 'धावचीत' हे मात्र खेडोपाडी कसे बोलले जाऊ लागले, याचा शोध शब्द घडविणाऱ्यांपेक्षा ज्या भुईत ते पडले तिच्याकडे पाहून घेतला पाहिजे. त्या दृष्टीने रायगड जिल्ह्याचा (१ जानेवारी १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा) किनारा हे अभ्यासाला सोयीचे क्षेत्र आहे. समोरच मुंबई असल्यामुळे क्रिकेट येथे लवकर आले. आणि हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी, तर या भागाचा जीव की प्राण आहे. परकी संज्ञा देशी होताना आणि देशी संज्ञा परकी होताना, अशा दोन्ही क्रिया येथे एकाच मैदानावर पाहावयास मिळतात.

प्रथम 'गोलंदाज' हा शब्द घेऊ. तो क्रिकेटसाठी घडविलेला नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. फारसीतील 'अंदाज' या फेकणे अर्थाच्या अंगाला 'गोळा' जोडून तो सिद्ध झाला. तीरंदाज, बर्कंदाज ही त्याचीच भावंडे. आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर आणि सिद्दीच्या जंजिऱ्यावर, जेथे कलालबांगडी तोफ अजून पडून आहे, गोलंदाज हा पगारी मनुष्य होता. तोफांचे दिवस संपले, शब्द बेकार झाला आणि क्रिकेटने त्याला पुन्हा चाकरीस घेतले. गोळा फेकणारा तो गोलंदाज, हा अर्थ नव्या कामी तंतोतंत बसला. त्याच्या जोडीला घडविलेल्या 'फलंदाज' या शब्दाची गंमत अशी की, व्युत्पत्तीच्या काटेकोर नियमाने पाहिले तर त्याचा अर्थ फळी चालविणारा असा न होता फळी फेकणारा असा होतो, आणि बॅट फेकणाऱ्या खेळाडूला पंच फार तर ताकीद देतील. तरीही हा शब्द टिकला. भाषेला येथे व्युत्पत्तीपेक्षा जोडी महत्त्वाची वाटली.

मराठी खेळांना परक्या शब्दांचा विटाळ पूर्वीही नव्हता. विटीदांडूत मोजणी करताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' म्हणणाऱ्या मुलांना आपण द्राविडी संख्यावाचके उच्चारीत आहोत याची कल्पना नसते; परंतु तेलुगूतील 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' यांच्याशी त्यांचे नाते उघड आहे. 'शर्यत' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. अलिबागच्या वाळूवरील बैलगाड्यांच्या शर्यती न्यायालयापर्यंत गेल्या. २०१४ साली त्या बंद झाल्या व २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी देणारा कायदा वैध ठरविला. या साऱ्या वादात 'शर्यत' हा शब्द परका आहे असे कोणासही वाटले नाही. इंग्रजी शब्द आले ते अशा अनेक थर असलेल्या भाषेत आले.

ते आले मुंबईच्या मार्गाने. १८९२ पासून युरोपीय व पारशी यांचे वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ साली हिंदू संघ आला तेव्हा ते तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमान संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी. मूळ इंग्रजी नावांत कोन होते. मराठीने त्यांचे रंग केले, आणि निवडणुकीतील 'तिरंगी लढत' आपण आजही त्याच मुशीतून काढतो. पंचरंगी सामने १९४६ नंतर बंद पडले. तथापि तोवर गिरणगावात राहणारा चाकरमानी शिमग्याला वा गणपतीला भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरे, तो बॅट, बॉल, इष्टंप, औट हे शब्द सामानाबरोबर घेऊनच.

या बोलीतील शब्दांचे व्याकरण लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. बॅट स्त्रीलिंगी झाली, कारण फळी व काठी स्त्रीलिंगी. बॉल चेंडूमुळे पुल्लिंगी. टीम ही टोळीसारखी आणि मॅच ही कुस्तीसारखी वा शर्यतीसारखी स्त्रीलिंगी. मात्र त्याच मॅचला 'सामना' म्हणताच लिंग बदलते, आणि त्यात कोणी अडखळत नाही. क्रियापद मात्र इंग्रजीने जवळजवळ एकही दिले नाही. ओव्हर टाकतात, रन काढतात, सिक्स मारतात, कॅच घेतात, बोल्ड करतात. वाक्याचा कणा मराठीच राहिला. किनाऱ्यावरील टेनिस चेंडूच्या क्रिकेटने तर इंग्रजांच्या स्वप्नातही नसलेल्या संज्ञा निर्माण केल्या. 'एक टप्पा आऊट', पहिला 'ट्राय बॉल', खेळाडू विषम असल्यास दोन्ही बाजूंनी खेळणारा 'कॉमन', आणि हात वाकवून फेकलेल्या चेंडूस 'बट्टा'. यांतील 'ट्राय' व 'कॉमन' हे शब्द इंग्रजी असले तरी त्यांचे अर्थ इंग्रजी नाहीत. आमच्या कोशांत 'यष्टिरक्षक' सन्मानाने बसला आहे. 'कॉमन'ला अद्याप जागा नाही, हा कोशकारांचा सोवळेपणा होय.

घडविलेल्या शब्दांकडे वळताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. यशस्वी ठरलेले बहुतेक पर्याय शब्दशः भाषांतरातून आलेले नसून जुन्या खेळांतून उचललेले आहेत. 'चीत' कुस्तीतून आले. पाठ जमिनीला लागलेला मल्ल चीत होतो. त्यावरून त्रिफळाचीत, धावचीत, पायचीत. 'झेल' विटीदांडूतून आला. 'डाव' आणि 'गडी' तर सर्वच देशी खेळांची सामाईक मालमत्ता. ज्या गावात 'गडी बाद झाला' हे वाक्य हुतुतूच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत होते, तेथे ते क्रिकेटच्या मैदानावर ऐकताना कोणास शिकविण्याची गरज पडली नाही. हे पर्याय रुजण्याचे खरे कारण आमच्या मते हेच आहे.

काही ठिकाणी तर मराठी मूळ इंग्रजीहून नेमकी ठरली. इंग्रजीत 'विकेट' हा एकच शब्द तीन कामे करतो. रोवलेल्या काठ्या म्हणजे विकेट, बाद होणे म्हणजे विकेट आणि मधली जमीनही विकेट. मराठीने अनुक्रमे यष्टी, बळी आणि खेळपट्टी असे तीन निराळे शब्द योजून हा गोंधळ मिटविला. उलट 'षटक' हा शब्द सोईस्कर असला तरी सहा या संख्येला बांधलेला आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची ओव्हर असे. तिला षटक म्हणणे म्हणजे आठ पायांच्या चौपाईवर बसणे होते.

आता कबड्डी. येथे प्रवाह उलटा वाहतो. हा खेळ आपला, त्याची परिभाषा मराठी, आणि इंग्रजी संज्ञा मागाहून आलेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व बडोद्यास खेळाचे नियम लेखी झाले. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत खेळाला पदकाचा मान मिळाला. देशाबाहेर जावयाचे तर नियम इंग्रजीत हवेत, म्हणून चढाईस 'रेड', पकडीस 'टॅकल', दमास 'कँट', निदान रेषेस 'बॉक लाइन' असे प्रतिशब्द योजण्यात आले. त्यांतील काही तपासून पाहावेत. 'टॅकल' हा मूळचा जहाजावरील दोरकप्प्यांचा शब्द. तो रग्बीच्या वाटेने येथे आला. 'बॉक' बिलियर्ड्‌सच्या टेबलावरून घेतला, पण त्याचा जुना इंग्रजी अर्थ दोन नांगरटींमध्ये सोडलेला उंचवटा, म्हणजे आपला बांध. भातकापणीनंतरच्या खाचरात मैदान आखणाऱ्या पेण-अलिबागच्या मुलांना हे कळले तर मौज वाटेल. तरीही खेळाच्या दृष्टीने मराठी संज्ञाच अर्थपूर्ण आहे. मध्यरेषेपासून पुरुषांच्या मैदानात ३.७५ मीटरवर असलेली ही रेषा चढाई करणाऱ्याने निदान एकदा ओलांडलीच पाहिजे, एरव्ही तो बाद. म्हणून ती निदान रेषा. नियम नावातच सांगितलेला आहे. 'बॉक' शब्दातून अडथळा सुचतो, नियम सुचत नाही.

नियमपुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीने एक शब्द मात्र न भाषांतरता तसाच घेतला, तो 'लोण'. सातही गडी बाद झाले की प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळतात व सर्व गडी पुन्हा जिवंत होतात, हे लोण. रोमन लिपीत अखेरीस एक स्वर चिकटून तो 'लोना' असा लिहिला जातो आणि इराण, कोरिया, जपान येथील पंच तसाच वाचतात. हा शब्द संस्कृत 'लवणा'पासून आला आहे. 'लोणच्या'त तोच आहे. आट्यापाट्यांच्या खेळात गडी शेवटच्या पाटीपलीकडे जातो आणि साऱ्या पाट्या चुकवून लोण घेऊन परततो. त्या खेळाचे 'लोणपाट' हे नावही त्यावरूनच. मीठ चोरून आणण्याच्या या कल्पनेचा माग पेण-उरणच्या मिठागरांच्या किनाऱ्यावर काढताना विशेष कुतूहल वाटते. 'संपाचे लोण गावोगाव पोचले' असे आपण लिहितो तो वाक्प्रचारही या खेळातूनच निघाला असावा, असा तर्क करता येतो. पोचविणे हे क्रियापद त्या तर्काला पुष्टी देते.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवरील वर्णनाने 'लोण' बाजूस सारून 'ऑल आऊट' ही क्रिकेटमधील संज्ञा रूढ केली. 'सुपर टॅकल', 'डू ऑर डाय रेड' ही तिचीच भावंडे. आज याच किनाऱ्यावर, ज्यांच्या आजोबांनी क्रिकेटला 'गडी' व 'डाव' हे शब्द दिले, ती मुले आपल्या खेळात 'रेडर' आणि 'ऑल आऊट' म्हणू लागली आहेत. नवे शब्द आले याची खंत करण्याचे कारण नाही; वरील विवेचनावरून ते पुरेसे स्पष्ट व्हावे. परंतु येथे नव्या वस्तूबरोबर नवा शब्द आलेला नाही. वस्तू घरचीच आहे, आणि तिचे भाषांतरित नाव मूळ नावाच्या जागी बसू पाहत आहे. 'चढाई' व 'पकड' यांना धोका कमी, कारण खेळाबाहेरही ते शब्द जिवंत आहेत. 'निदान रेषा' आणि 'लोण' यांना तसा आधार नाही.

गावच्या स्पर्धांत ध्वनिक्षेपकावरून होणारे वर्णन अद्याप मिश्र आहे. गुणफलकावर आणि पंचांच्या नोंदपत्रकात 'लोण' टिकून आहे, आणि तोंडी तो चाळिशीपलीकडच्या मंडळींकडून अधिक ऐकू येतो. तेव्हा मैदानामैदानांवर जाऊन ही वर्णने ध्वनिमुद्रित करणे आणि कोणत्या वयाचा खेळाडू कोणती संज्ञा वापरतो याची तालुकावार नोंद ठेवणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या हंगामातच हाती घ्यावे. भातकापणीनंतर स्पर्धा सुरू होतात आणि पावसाळ्यापर्यंत चालतात.