पालखी कोणाच्या दारी?

"पालखी आपल्याकडे कधी?" फाल्गुन लागला की मुंबईहून रत्नागिरीला येणाऱ्या फोनवर ख्यालीखुशालीनंतर लगेच हा प्रश्न येतो. विचारणारा बोरिवलीचा धाकटा भाऊ असतो, डोंबिवलीची नणंद असते, नाहीतर वर्षभर ज्याचा आवाज ऐकलेला नसतो असा चुलतभाऊ असतो. होळी कधी हे कॅलेंडरात छापलेलं असतं. पण देव आपल्या वाडीत कुठल्या दिवशी आणि आपल्या खळ्यात साधारण किती वाजता येणार, हे गावकीच्या बैठकीत ठरतं. ते कळल्याशिवाय रजेचा अर्ज लिहिता येत नाही आणि गाडीचं तिकीटही काढता येत नाही.

घाटावरच्या वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडे शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला लागतो. पौर्णिमेपर्यंत रोज रात्री लहान होळ्या होतात. काही गावांची मोठी होळी त्रयोदशीला असते, त्यांना तेरसे शिमगे म्हणतात; बाकीच्यांचे पौर्णिमेचे, भद्रेचे शिमगे. देवळातल्या देवांची रुपी, म्हणजे मुखवटे, पालखीत लावली जातात, ढोल वाजतो, निशाण पुढे होतं आणि देव देवळाबाहेर पडतो. होळी उभी राहिली की पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठीच बांधलेल्या चौथऱ्यावर बसते. नंतरचे कितीतरी दिवस ती घरोघर फिरते. एरवी आपण देवाच्या दारी जातो. या दिवसांत देव आपल्या दारी येतो, ओटीवर बसतो, आपलं गाऱ्हाणं ऐकतो आणि पुढच्या घरी जातो.

कोकणातल्या घरात ओटी म्हणजे पडवीच्या आतली, माजघराच्या अलीकडची बसायची जागा. आणि खण, नारळ, तांदूळ घालून देवीची भरतात तीही ओटीच. पालखी ओटीवर टेकते आणि घरची बाई तिची ओटी भरते. हे दोन शब्द लहानपणापासून मला एकच वाटत आले आहेत, आणि आता वाटतं की त्यात फार चूक नव्हती.

पालखीच्या फेऱ्याला स्वतःचा हिशेब असतो. बहुतेक गावांत पालखी जाते ती मूळ घरी. चार भावांच्या चार चुली झाल्या, एकाने रत्नागिरी शहरात मारुती मंदिराजवळ फ्लॅट घेतला, दुसरा विरारला गेला, तरी देवाच्या लेखी घर एकच. त्यामुळे वर्षभर एकमेकांच्या अंगणात पाय न ठेवणारे भाऊ त्या दिवशी एका ओटीवर उभे राहतात. गुरव किंवा मानकरी गाऱ्हाणं घालतात तेव्हा घराण्याचं नाव घेतात, एकेकट्याचं नाही. आणि "होय महाराजा" म्हणताना कोणाचा आवाज कोणात मिसळला हे कळत नाही. घराच्या वाटणीचे दावे कोर्टात पडलेले असताना पालखीपुरते एकत्र आलेले भाऊ मी पाहिले आहेत. दावा त्यानंतरही चालू राहिला. पण त्या दिवशी वहिनींनी एकमेकींच्या हातून हळदकुंकू घेतलं, आणि मुलांना आपली चुलत भावंडं कोण ते कळलं.

हे एवढं महत्त्वाचं का, ते जनगणनेचे आकडे पाहिले की समजतं. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना जिल्ह्यात दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली. त्याच जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. या आकड्याचा अभिमान बाळगण्याआधी त्यामागचं कारण पाहावं: कमावते पुरुष मुंबईला आहेत. घर सांभाळणारी, म्हाताऱ्यांचं करणारी, काजू-आंब्याची बाग राखणारी बाई इथे आहे. गणपती आणि शिमगा हे त्या विरळ झालेल्या घराला पुन्हा भरणारे दोन सण. कोकण रेल्वेची पूर्ण वाट २६ जानेवारी १९९८ ला खुली झाली, त्याआधी एस.टी.चा रात्रभराचा घाटरस्ता होता, आणि त्याच्याही आधी बोटी होत्या. वाहनं बदलली, यायचं कारण तेच राहिलं. आजही होळीला जादा गाड्या सोडाव्या लागतात आणि त्या भरून येतात.

आता रत्नागिरी शहराकडे येऊ, कारण शहरात हा हिशेब अवघड होतो. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीत ७६,२२९ माणसं होती. पण हे शहर अजून स्वतःला वाड्यांनी, आळ्यांनी आणि वठारांनी ओळखतं. झाडगाव, मुरुगवाडा, पेठकिल्ला, टिळक आळी, खालची आळी, घुडेवठार, चवंडेवठार, विलणकरवाडी. वठार, म्हणजे वस्तीचा एक भाग, हा शब्द रत्नागिरीबाहेरच्या माणसाला सांगावा लागतो. इथे तो पत्त्यात येतो. या साऱ्या वस्तीचं ग्रामदैवत श्री देव भैरी, बारा वाड्यांचा देव. शिमग्यात भैरीची पालखी निघते तेव्हा पोलीस मानवंदना देतात, झाडगावच्या सहाणेवर ती बसते, आणि शहरातल्या रस्त्यांवरून जाते तेव्हा दुकानदार गल्ला सोडून बाहेर येतात. जिल्ह्याचं ठिकाण, न्यायालय, कॉलेजं, बंदर, सगळं असलेलं हे शहर त्या रात्री गाव होतं. गर्दीतला प्रत्येक जण आपल्या वाडीच्या नावाने हाक मारतो.

पण शहर वाढलं ते या बारा वाड्यांच्या बाहेर. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव ही शेजारची गावं आज शहरालाच जोडलेली आहेत. कागदावर ती ग्रामपंचायती आहेत, रस्त्यावरून जाताना मात्र गाव कुठे सुरू झालं ते कळत नाही. जिथे काजूच्या बागा आणि चिऱ्याचे गडगे होते तिथे चार-पाच मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांत राजापूर-लांज्याहून आलेले आहेत, कोल्हापूर-सांगलीचे शिक्षक आहेत, मराठवाड्यातून बदली होऊन आलेले कर्मचारी आहेत. प्रत्येक गावाला ग्रामदेवता आहे, तिची शीव आहे, तिची पालखी आहे. म्हणजे फ्लॅट घेणारा माणूस सातबारा आणि कर्जाचा हप्ता तपासतो, पण आपण कोणत्या देवीच्या शिवेत राहायला आलो हे त्याला पहिल्या शिमग्याला कळतं.

आमच्या इमारतीत हे कसं घडलं ते सांगते. पहिल्या वर्षी ढोल ऐकू आला, आम्ही गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो, आणि पालखी समोरच्या कौलारू घरी गेली. त्या घराच्या काकूंनी आम्हाला हात करून खाली बोलावलं. आम्ही त्यांच्या ओटीवर उभं राहून दर्शन घेतलं आणि त्यांच्याच ताटातले तांदूळ घेऊन ओटी भरली. दुसऱ्या वर्षी प्रश्न निघाला की आपल्या इमारतीत पालखी यावी का. एक जण म्हणाले, आमची पालखी आमच्या गावी, इथे कशाला? दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं असं की गावी सासरची ओटी जाऊबाई भरतात, माझ्या हाताने भरायला मला हे एकच दार आहे. आणि वर्गणीचं काय, सोळा बिऱ्हाडांच्या सोळा ओट्या की सगळ्यांची मिळून एक?

हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. मला ते शहराच्या पोटातले प्रश्न वाटतात. सोळा दारं एका जिन्यावर असली म्हणून शेजार होत नाही. त्यासाठी सोळा जणांना एकत्र मिळून काहीतरी ठरवावं लागतं, आणि आमच्या इमारतीने पहिल्यांदा एकत्र बसून ठरवलेली गोष्ट पाण्याचा टँकर किंवा लिफ्टची दुरुस्ती नव्हती, तर पालखी कुठे बसवायची ही होती. ओटी नव्हती, म्हणून गाड्या हलवून पार्किंगची फरशी धुतली, पाट मांडला, रांगोळी काढली. गावातले मानकरी येऊन जागा पाहून गेले. त्यातल्या वयस्कर तात्यांनी एकच विचारलं, "इथली सगळी बिऱ्हाडं खाली येणार ना?" हो म्हटल्यावर त्यांनी आमच्या इमारतीचं नाव यादीत घातलं. त्या दिवशी गाऱ्हाण्यात "ह्या नव्या वस्तीतली लेकरं" असे शब्द आले, आणि लातूरहून बदली होऊन आलेल्या शिक्षिका माझ्या शेजारी उभ्या होत्या त्यांचे डोळे भरून आले.

ही झाली पालखी येण्याची बाजू. न येण्याचीही एक बाजू आहे. ज्या फेऱ्याने घर मोजलं जातं त्याच फेऱ्याने घर वगळताही येतं. कोकणात गावकीने एखाद्याला वाळीत टाकलं की त्याची सर्वांत उघड खूण शिमग्यात दिसते: पालखी शेजारच्या घरातून निघते आणि त्याचं दार ओलांडून पुढे जाते. कारण जमिनीचं असतं, निवडणुकीतल्या मताचं असतं, मुलीने जातीबाहेर केलेल्या लग्नाचं असतं, कधी गावकीचा हिशेब मागितल्याचंही असतं. त्या घरातली बाई ताट वाढून उंबऱ्यावर उभी असते. कोणी शिवी देत नाही की हात उचलत नाही. फक्त ढोलाचा आवाज लांब जातो. त्या घरातलं मूल तो आवाज विसरत नाही.

या अन्यायावर महाराष्ट्राने कायदा केला आहे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा अधिनियम विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मानपानाच्या वादातून शिमग्यात बंदीहुकूम काढायची वेळही काही गावांत येते; देव सहाणेवर आणि बंदोबस्त रस्त्यावर. देवाच्या नावाने हे व्हावं याची मला मनापासून लाज वाटते.

दार कोणासाठी उघडं, हा वाद रत्नागिरीला नवा नाही. १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर इथे स्थानबद्ध होते. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल, पण त्यांनी या गावातल्या उंबऱ्यांवर जे काम केलं ते इथल्या वस्तीच्या इतिहासाचा भाग आहे. दसऱ्याचं सोनं आणि संक्रांतीचा तिळगूळ द्यायला ते पूर्वास्पृश्य मंडळींना बरोबर घेऊन घरोघर जात. सहभोजनं झाली, त्यांवरून आळ्यांत भांडणंही झाली. पुढे सर्व जातींना खुलं असं मंदिर बांधायचं ठरलं, आणि त्यासाठी पैसा उभा केला तो भागोजी बाळोजी कीर यांनी. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी कुटुंबात वाढलेला हा माणूस मुंबईत बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला; दादरची शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी हीसुद्धा त्यांचीच देणगी. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी रत्नागिरीत पतितपावन मंदिर उघडलं आणि तिथल्या लक्ष्मीनारायणाच्या गाभाऱ्यापर्यंत कोणत्याही जातीच्या हिंदूला जाता येऊ लागलं. आजही ते मंदिर गावाच्या मध्यात, बाजारात जाता-येता दिसतं. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावाने हा प्रश्न एवढ्या उघडपणे स्वतःला विचारला, त्याच्या आसपासच्या वाड्यांत पालखी एखादं दार वगळून जावी हे शोभत नाही.

आणि आणखी एक दार राहतं, ते घराच्या आतलं. नवरा गेलेली बाई पालखीची ओटी भरू शकते का? अनेक घरांत त्या दिवशी ती मागच्या पडवीत असते. नैवेद्य तिने रांधलेला असतो, ओटी मात्र सून किंवा शेजारीण भरते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. त्यानंतर अनेक ठिकाणी ठराव झाले. पण ठराव फळ्यावर राहतो आणि ओटीचं ताट कोणाच्या हातात आहे हे घरातली माणसं ठरवतात. आमच्या समोरच्या काकू विधवा आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला हात करून बोलावलं आणि स्वतः मात्र दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या होत्या. पालखी आमच्या पार्किंगमध्ये आली त्या वर्षी आम्ही पहिलं ताट त्यांच्या हातात दिलं. मानकरी थांबले, एकमेकांकडे पाहिलं, आणि पालखीचा दांडा तात्यांनी आपल्या हाताने त्यांच्यासाठी खाली केला.

२०२१ च्या शिमग्यात करोनाच्या निर्बंधांमुळे गर्दी करता येत नव्हती, अनेक चाकरमानी येऊ शकले नाहीत, आणि कितीतरी सारवलेली खळी पालखीविना तशीच राहिली. घर न मोजलं जाणं म्हणजे काय, ते त्या वर्षी ज्यांना वाळीत टाकलं जातं त्यांच्याखेरीज इतरांनाही थोडं कळलं असेल.

म्हणून गावकीच्या भावांना आणि मंडळांच्या मुलांना माझी विनंती आहे. येत्या शिमग्याच्या बैठकीत पालखीचा फेरा लिहाल तेव्हा यादी मोठ्याने वाचा. कोणाचं घर गेल्या वर्षी राहिलं ते विचारा, नव्या इमारतींत कोण राहायला आलंय ते जाऊन पाहा, आणि ओटी कोण भरणार हे त्या घरच्या बायकांवर सोडा. बैठक फाकपंचमीच्या आधी होते. अजून वेळ आहे.