आवाज कोणाच्या लयीत चालतो

हैदराबादच्या सुलतान बाजारातून जांबागकडे निघालेल्या गाडीला सकाळी अकराच्या सुमाराला दुसऱ्या गिअरच्या वर काही लागत नाही. विवेकवर्धिनीवरून पुतलीबावली गाठायची तर पायी निघालेला माणूस आधी पोचतो. जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांना कोठीची ही गर्दी नकोशी वाटते. माझं मत उलट आहे. अशा गाडीच्या पोटातली निम्मी दुखणी ऐकायला इतकी सोयीची जागा शहरात दुसरी नाही. उरलेली निम्मी मात्र इथे जन्मात ऐकू येणार नाहीत. त्यांच्यासाठी मेहदीपट्टणमच्या पुढे जावं लागतं.

‘ऐंशीला गाडी थरथरते’ एवढंच सांगितलं की एक उस्ताद क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बदला म्हणतो, टायरवाला बॅलन्सिंग करा म्हणतो आणि तिसरा इंजिनाचं फाउंडेशन बसलंय म्हणतो. तिघेही आपापल्या अनुभवाने बोलतात आणि तिघांचंही खरं निघू शकतं. म्हणून सुटा भाग घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: हा आवाज, ही थरथर कोणाच्या लयीत चालते? गाडीत फिरणाऱ्या वस्तू पुष्कळ असल्या तरी लयी मोजक्याच. इंजिनाची एक, गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची दुसरी, चाकांची तिसरी. मैफलीत एकाच ठेक्यावर कोणी बरोबरीने, कोणी दुगुणीत, कोणी चौगुणीत चालतं, तसा हा मामला आहे. लय ओळखली की वाजवणारा सापडतो.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही दोन आसनांची गाडी बनली. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ‘बी सिरीज’ कुळातलं, आणि आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं राहिलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच कुळातलं. त्यामुळे ॲम्बॅसॅडरवर हात काळे केलेल्या जुन्या मिस्त्रीला एमजीबी परकी वाटत नाही. तुमची गाडी वेगळी असली तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

कोठीतल्या गर्दीत आधी क्लच ऐकायचा. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, काचा खाली. क्लचचं पेडल वर असताना बारीक घरघर येते आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. कारण पेडल दाबलं की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीझ बेअरिंग. एमजीबीसारख्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत इथे गोळ्यांचं बेअरिंग नसून कार्बनचं कडं असतं. ते फारसं ओरडत नाही, गुपचूप झिजतं. सिग्नलला गिअर टाकून क्लचवर पाय ठेवून बसण्याची आपल्याकडची सवय या कड्याला मारक आहे. बँक स्ट्रीटवर उभं राहायचंच असेल तर न्यूट्रल करून पाय काढून घ्यावा.

मग ‘खट्’. गाडी हलताना एकदा, ॲक्सिलरेटर सोडल्यावर एकदा, पुन्हा दाबल्यावर एकदा. दात आणि सांधे यांमधला जमत गेलेला प्ले एका बाजूकडून दुसरीकडे जातो तेव्हा हा आवाज होतो. प्ले कुठलाही असू शकतो: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन, आत सरकणारे स्प्लाइन, किंवा नुसतं सैल झालेलं गिअरबॉक्सचं फाउंडेशन. तारेची चाकं असतील तर हबचे दातही. हे दात झिजून टोकदार झाले असतील तर प्रश्न आवाजापुरता राहत नाही. ब्रेकची सगळी ताकद त्याच दातांतून चाकाला पोचते. मधला नट सोडून चाक काढून दात डोळ्यांनी पाहावेत आणि तोवर गाडी दामटू नये.

पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी अंग झटकल्यासारखी हादरते, हेही गर्दीतच कळतं. क्लच प्लेटला तेल लागलेलं असू शकतं, पण फाउंडेशनचं रबर आधी पाहावं. ते स्वस्त आहे, आणि तेच बसलं असेल तर महागडी क्लच प्लेट बदलूनही हादरा तसाच राहतो.

आता शहराबाहेर. नामपल्लीवरून मेहदीपट्टणम, तिथून २००९ साली खुला झालेला ११.६ किलोमीटरचा उंचावरचा रस्ता, पी. व्ही. नरसिंह राव एक्सप्रेसवे. (हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे हेच पी. व्ही.; सर्व्हिसिंगला टाकताना गाडीचा आवाज सांगणाऱ्या मालकाला ते शीर्षक फार जवळचं वाटेल.) या रस्त्यावर एक चकवा आहे. पुलाच्या तुकड्यांमधल्या सांध्यांवरून जाताना ‘धप्’ होतं, आणि गाडी वेगात असेल तर ‘धप्-धप्’ जलद येतं. वेगाबरोबर लय वाढते म्हणून चाकाचाच दोष, असं वाटून जातं. आरामघरला खाली उतरल्यावर आवाज गेला तर तो पुलाचा होता. खरी तपासणी शमशाबादच्या पुढे आउटर रिंग रोडवर करावी, मर्यादेत आणि शक्यतो पहाटे, शेजारी कुणीतरी टिपून घ्यायला बसवून.

पहिले दहा-पंधरा किलोमीटर निकाल देऊ नये. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालच्या बाजूला चपटे होतात. तापल्यावर बरेचदा गोल होतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर आतून म्हातारा झालेला असतो, आणि जुन्या स्पोर्ट्‌स कारवर असेच टायर जास्त दिसतात, कारण त्या चालतात कमी.

आता हिशेब. एमजीबीच्या टायरचा एक फेरा ढोबळ मानाने १.९ मीटरचा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे ११.७ वेळा फिरतं. डिफरन्शियलचं प्रमाण ३.९०९, म्हणून प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४६ वेळा. क्रॉसचा दोष शाफ्टच्या दर फेरीला दोनदा उमटतो, म्हणजे ९२ च्या आसपास. हे तीन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावेत. स्वतःच्या गाडीचं प्रमाण माहीत नसेल तर मागची दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकाच दिशेने एक पूर्ण फेरा फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत. खडूची एक रेघ पुरते.

शरीरालाही हे आकडे वेगवेगळे कळतात. सेकंदाला बारा-एक हेलकावे हाताला सुटे कळतात. स्टिअरिंग डोलत असेल तर पुढची चाकं, सीट आणि कंबर डोलत असेल तर बहुधा मागची. ४६ ला सुटे हेलकावे लागत नाहीत. तळव्यांना झिणझिण्या येतात, मागचं दाखवणाऱ्या आरशातलं चित्र पुसट होतं. ९२ म्हणजे कानाला येणारा खर्जातला हुंकार. फोनवर कंपनं मोजणारी ॲप मिळतात, पण त्यांतली बरीचशी सेन्सर सेकंदाला शंभर-एक वेळाच वाचतात, आणि वाचनाच्या निम्म्या वेगापलीकडचं त्यांना खरं दिसत नाही. चाकासाठी ती पुरेशी. शाफ्ट आणि क्रॉससाठी माइकवरून आवाजाचा आलेख काढणारं ॲप बरं.

इथे एक अडचण येते. एमजीबीच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. ४६ दोघांचेही. शिवाय चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोनदा पेट घेतं, म्हणजे ९२ सुद्धा दोघांचेच! उपाय सोपा आहे. रस्त्यावरचा वेग ८० च ठेवून तिसरा गिअर टाकायचा. तिसऱ्याचं प्रमाण साधारण १.३८, इंजिन ६३ वर जाईल. शाफ्ट जागचा हलणार नाही. थरथर इंजिनाबरोबर वर गेली, तर शाफ्टला हात लावायचं कारण नाही. ती ४६ लाच राहिली, तर इंजिन सुटलं. सगळ्या तपासणीत मला हीच चाचणी सर्वांत किमती वाटते. एक पैसा खर्च न होता ती निम्मी गाडी संशयातून मोकळी करते.

दुसरी चाचणी: त्याच वेगात क्लच दाबून न्यूट्रल करायचं आणि गाडी वाहू द्यायची. इंजिन बंद करायचं नाही. स्टिअरिंगचं कुलूप बसू शकतं. थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे. पूर्ण गेली तर तो ओढीवर अवलंबून आहे किंवा इंजिनाकडे आहे. गिअरबॉक्सचंही असंच एक गुपित: चौथ्यात ओढ सरळ आरपार जाते, खालच्या लेशाफ्टवर भार येत नाही. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर लेशाफ्टची बेअरिंग पाहावीत.

डिफरन्शियलचा आवाज सुरेल असतो, घरघरीपेक्षा शिट्टीच्या जवळचा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर, सोडल्यावर आणि गाडी नुसती तोलून धरल्यावर, असा तीनदा ऐकायचा. फक्त एकाच अवस्थेत येणारी शिट्टी दातांच्या जुळणीची. तिन्हींत येणारी खरखर बेअरिंगची. आधी तेलाची पातळी पाहावी. चाकाच्या बेअरिंगची खूण वेगळी: मोकळ्या रस्त्यावर गाडी हळुवार उजवीकडे नेली की भार डाव्या चाकांवर येतो. घूं घूं तेव्हा वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर डाव्या बाजूला शोधायचं.

क्रॉसविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. शाफ्ट वाकड्या कोनात जोडलेला असला की एका क्रॉसमधून जाणारी गती एकसारखी राहत नाही. दर फेरीत दोनदा पुढे धावते, दोनदा मागे रेंगाळते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढंच उलट करून ते फेडतो. पण त्यासाठी दोन अटी: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि दोन्हीकडचे फोर्क एका रेषेत हवेत. मधल्या सरकत्या स्प्लाइनमध्ये शाफ्ट एक दात जरी पुढेमागे बसला तरी दुसरी अट मोडते. कोरे क्रॉस घालूनही थरथर वाढली, असं झालं की शाफ्ट उघडताना खुणा केल्या होत्या का, हे आधी विचारावं. पहिली अट मोडण्याचं कारण बहुधा बसलेलं फाउंडेशन, किंवा रुबाबासाठी खाली उतरवलेली गाडी. सुटताना जोर दिला की हादरते आणि वेग आल्यावर शांत होते, ती बऱ्याचदा अशी कोनाची तक्रार असते.

शाफ्टच्या असमतोलाचं वागणं याच्या उलट. वजन एका बाजूला जास्त असेल तर त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलं की दीडपटीहून अधिक. ओढ असो वा नसो, त्याला फरक पडत नाही.

गोव्यात सॅन मोटर्सने काढलेल्या सॅन स्टॉर्मच्या मालकांना यातलं बरंच वगळता येईल. १९९८ ची ही फायबरग्लासची दोन आसनी गाडी रेनोच्या ११४९ सीसी इंजिनावर चालते आणि ओढ पुढच्या चाकांना आहे. लांब शाफ्टच नाही. तिथे रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवावं. कट-कट-कट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी डावी-उजवी थरथरत असेल तर आतला. रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर निदान तिथेच संपतं.

एवढं झाल्यावर गाडी वर घ्यायची. नुसत्या जॅकवर नाही, घोड्यांवर. पुढच्या चाकांना अडथळे लावून. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे फोर्क धरून उलटसुलट पिळावेत. हाताला जाणवणारा प्ले म्हणजे क्रॉस गेला. कपांभोवती लालसर भुकटी दिसली तरी गेला. आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्याची ती खूण. शाफ्टवर चिकटलेला डांबराचा गोळा किंवा उडालेलं बॅलन्सचं वजन शोधावं. क्रॉस घट्ट आणि खुणा जुळलेल्या असूनही ४६ ची थरथर राहिली, तर शाफ्टवर नळीला लावायच्या दोन क्लिप बसवून त्यांचे स्क्रू थोडे थोडे फिरवत पुन्हा चालवून पाहावं. एखाद्या जागी थरथर स्पष्ट कमी झाली, तर असमतोल सिद्ध झाला आणि बॅलन्सिंगवाल्याला काय सांगायचं तेही कळलं. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते समजत नाही.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि स्प्लाइनवर पंचने खूण मारावी; पेनची रेघ डिझेलने धुताना जाते. मग जुना क्रॉस कागदात गुंडाळून पुतलीबावलीतल्या सुट्या भागांच्या दुकानात न्यावा. दुकानदाराला गाडीचं नाव सांगत बसण्यापेक्षा व्हर्नियरने कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधलं बाहेरून बाहेरपर्यंतचं माप घ्यावं. सर्कलिप कपाच्या बाहेर बसते की आत, तेही पाहावं. मापं जुळूनही सर्कलिपची जागा चुकली तर क्रॉस बसत नाही. बेअरिंगसाठी राणीगंज, तिथे कड्यावरचा नंबर वाचून दाखवला की काम होतं. क्रॉस दोन्ही टोकांचे एकदमच घ्यावेत, कारण शाफ्ट उतरवण्याची मेहनत क्रॉसच्या किमतीपेक्षा मोठी असते.